सोपवण्याची जबाबदारी कोणाची?

दीर्घ आजार किंवा अपंगत्व घेऊन वाढणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसोबत नवी मुंबईत काम करताना एक चित्र इतक्या वेळा दिसते की त्याला योगायोग म्हणता येत नाही. मूल लहान असते तेव्हा त्याच्याभोवती बरीच माणसे असतात. बालरोगतज्ज्ञ असतात, फिजिओथेरपिस्ट असतात, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, शाळेतल्या विशेष शिक्षिका असतात. मूल सोळा-सतरा वर्षांचे होईतो यातली एकेक व्यक्ती आपापल्या नियमाप्रमाणे बाजूला होते आणि उरतात ती आई आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतली जाडजूड फाइल. थॅलेसेमिया, टाइप 1 मधुमेह, अपस्मार, जन्मजात हृदयदोष, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, लहानपणी झालेल्या कर्करोगानंतरचे आयुष्य, हे सगळे वैद्यकीयदृष्ट्या एकमेकांपासून फार दूरचे विषय आहेत. तरीही या सगळ्यांची गाडी अडते ती साधारण एकाच वयात. माझे म्हणणे असे आहे की, या मुलांना बालसेवेतून प्रौढांच्या सेवेत नेऊन पोहोचवणे हा उपचाराचाच भाग आहे आणि ती जबाबदारी मुलाला सोडणाऱ्या संस्थेची आहे. आज ती कोणी उचलत नाही, म्हणून ती आपोआप आईच्या पदरात पडते. मुलाला तर कोणी काही विचारतच नाही.

आधी नियम पाहू. बहुतेक सरकारी आणि पालिका रुग्णालयांत बालरोग विभागाची वयोमर्यादा साधारण 12 वर्षे असते. बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना ही मर्यादा 18 पर्यंत असावी असे सांगत आली आहे, पण खाटा आणि मनुष्यबळ जुन्याच हिशेबाचे आहे. तेव्हा तेराव्या वर्षी ताप येऊन भरती होणारा मुलगा प्रौढ पुरुषांच्या वॉर्डात जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची व्याप्ती जन्मापासून 18 वर्षांपर्यंत आहे. 2013 साली पालघरमध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाने जन्मजात दोष आणि विकासातील विलंब वेळीच शोधण्याचे मोठे काम केले आहे. पण त्याची पथके मुलांना गाठतात ती अंगणवाडीत आणि सरकारी-अनुदानित शाळांत. दहावीनंतर शाळा सुटलेला, किंवा आजारपणामुळे आठवीतच घरी बसलेला मुलगा त्यांच्या वाटेवर येत नाही. दुसरीकडे 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 10 ते 19 वयासाठी. महाराष्ट्रात त्याची ‘मैत्री क्लिनिक’ आहेत, समुपदेशक आहेत. तिथे पोषण, मासिक पाळी, व्यसने, मानसिक आरोग्य असे विषय चांगले हाताळले जातात, मात्र समोरची मुलगी मुळात निरोगी आहे असे धरूनच संवाद चालतो. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागणाऱ्या मुलीला तिथून तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवले जाते आणि त्या डॉक्टरांकडे किशोरवयाच्या प्रश्नांसाठी वेळ नसतो. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे ठरते.

हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न असता तर मी एवढ्या आग्रहाने लिहिले नसते. या वयात सेवेत पडलेली फट जीव घेते, याचा पुरावा दोन दशकांहून जुना आहे. इंग्लंडमध्ये मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या 20 तरुणांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या विभागातून प्रौढ विभागात गेल्यावर तीन वर्षांच्या आत त्यांच्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांचे प्रत्यारोपित मूत्रपिंड निकामी झाले होते आणि औषधे नियमित न घेणे हे त्यामागचे मोठे कारण होते. कॅनडात 2004 साली जन्मजात गुंतागुंतीचे हृदयदोष असलेल्या 360 तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतले 47 टक्केच प्रौढ हृदयरोग केंद्रापर्यंत नीट पोहोचलेले आढळले. अमेरिकेतल्या डॅलसमधल्या सिकलसेल रुग्णांच्या दीर्घ अभ्यासात बालपणीचे मृत्यू खूप घटलेले दिसले आणि उरलेले मृत्यू प्रामुख्याने प्रौढ सेवेत गेल्यानंतरच्या लगतच्या काळात गोळा झालेले दिसले. तिन्ही ठिकाणी पैसा, यंत्रे आणि तज्ज्ञ आपल्यापेक्षा अधिक होते. कमी होते ते एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत बोट धरून नेणारे माणूस. परळमध्ये मुलांचे रुग्णालय आणि मोठ्यांचे रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. नवी मुंबईतली असंख्य कुटुंबे हार्बर लाइनने कुर्ल्याला गाडी बदलून वर्षानुवर्षे तिथे जातात. इमारती जवळ असल्या म्हणून माहिती आपोआप पलीकडे जात नाही. नवा केसपेपर निघतो, नवीन निवासी डॉक्टर पहिल्यापासून विचारू लागतात आणि चौदा वर्षांचा इतिहास आईला पाच मिनिटांत सांगावा लागतो.

ही माहिती आईच्या डोक्यात असते, इथे मला थोडे थांबायचे आहे. मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन कधी वाढवायचे, अपस्माराची कोणती गोळी बदलल्यावर अंगावर पुरळ उठले होते, कोणत्या दुकानात विशिष्ट ब्रँड मिळतो, शेवटचा टूडी इको कधी झाला, हे तिला तारखांसकट पाठ असते. मुलाला विचारले तर तो आईकडे बघतो. त्याचा दोष नाही. दहा वर्षे डॉक्टरांनी त्याच्या डोक्यावरून आईशीच संवाद केलेला असतो आणि त्याने ऐकले ते फक्त ‘शहाणा मुलगा आहे’ एवढेच. मग एके दिवशी तो अठराचा होतो, महापे किंवा ऐरोलीच्या एखाद्या कंपनीत रात्रपाळीला लागतो आणि जेवणाच्या, झोपेच्या, इंजेक्शनच्या वेळा उलट्यापालट्या झाल्यावर काय करायचे हे त्याला ठाऊक नसते. सहकाऱ्यांसमोर सुई टोचून घ्यायची लाज वाटते आणि एक डोस टळतो, मग दुसरा. स्वतःच्या आजाराचे नाव, औषधांची नावे व मात्रा, कोणत्या लक्षणाला थांबायचे आणि कोणत्या लक्षणाला तडक रुग्णालय गाठायचे, हे शिकवता येते, पण त्याला तीन-चार वर्षे लागतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच 13 किंवा 14 व्या वर्षापासून तयारी सुरू करायला सांगितले आहे. प्रत्येक मुलामागे नाव घेऊन सांगता येईल अशी एक जबाबदार व्यक्ती असावी आणि बदलाच्या आधी व नंतर किमान सहा-सहा महिने तिने सोबत राहावे, असेही त्यात आहे. सुरुवात अगदी छोट्या गोष्टीने होऊ शकते. तपासणीतली शेवटची पाच मिनिटे आईबाबांनी बाहेर बसायचे आणि मुलाने डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे, इतकीच.

मुलींच्या बाबतीत ही एकट्याने बोलण्याची पाच मिनिटे किती महत्त्वाची आहेत, हे कुटुंबांना पटवणे कठीण जाते, पण त्याला पर्याय नाही. अपस्मारावर सोडियम व्हॅल्प्रोएट हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आपल्याकडे सर्रास दिले जाते. गर्भावस्थेत ते घेतल्यास बाळात जन्मजात व्यंग आणि बौद्धिक विकासात अडथळा येण्याचा धोका मोठा असतो. मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या मुली आणि स्त्रियांना ते देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितले. हृदयात कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या मुलीला रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन लागते आणि तेही गर्भाला अपायकारक ठरू शकते. सातव्या वर्षी लिहून दिलेली गोळी विसाव्या वर्षीही तशीच सुरू असते, कारण मधल्या काळात ती मुलगी बाई झाली याची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही. मग लग्न ठरते. आजार लपवून ठरते तेव्हा गोळ्यांचा डबाही माहेरीच ठेवला जातो. सासरी झटका आला की दोष मुलीच्या माथी येतो. औषध बदलायचे असेल तर ते लग्नाच्या, गर्भधारणेच्या बरेच आधी, न्यूरोलॉजिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू बदलावे लागते. घाबरून एकदम बंद करणे त्याहून धोक्याचे. हे सगळे तिला सोळाव्या-सतराव्या वर्षी कळायला हवे आणि तिलाच कळायला हवे.

यावर एक आक्षेप मी आदराने ऐकत आले आहे, कारण तो घेणारे लोक प्रेमापोटी घेतात. ते म्हणतात, स्वतःचे स्वतः बघण्याचे हे खूळ पाश्चात्त्यांचे आहे, आपल्याकडे आईवडील आयुष्यभर पाठीशी उभे राहतात. ते उभे राहतात हे खरेच आहे आणि त्यांच्यामुळेच ही मुले जगली आहेत. पण नवी मुंबईतले घर आता तसे राहिलेले नाही. सिडकोच्या वसाहतीत, नेरुळच्या टॉवरमध्ये किंवा दिघ्याच्या चाळीत गावाहून आलेले चौकोनी कुटुंब राहते. वडील एपीएमसी मार्केटमध्ये किंवा टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात पहाटेपासून कामाला, आजी-आजोबा साताऱ्याला किंवा जळगावला. आई आजारी पडली तर त्या घरात औषधाचे वेळापत्रक माहीत असलेले दुसरे कोणी नसते. मुलाला त्याचा आजार शिकवणे म्हणजे आईला दूर सारणे नव्हे. ज्ञान दोघांत वाटले गेले तर आईचाही जीव थोडा हलका होतो. जी मुले स्वतः हिशेब ठेवू शकणार नाहीत, त्यांच्यासाठी तर दुसरे जाणते माणूस आधीच तयार करणे अधिक निकडीचे आहे. ‘आमच्यानंतर काय’ हा प्रश्न या आयांच्या मनात मूल तीन वर्षांचे असल्यापासून असतो. उत्तराची तयारी मात्र कोणी त्यांच्यासोबत बसून करत नाही.

काही पालक आणि काही डॉक्टरही विचारतात की, बदल करायचाच कशाला, मुलांचे डॉक्टरच पुढे बघतील. जिव्हाळ्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे आणि काही वर्षे तसे चालतेही. अडचण वैद्यकीय आहे. प्रौढपणाबरोबर नवी दुखणी येतात: रक्तदाब, गर्भारपण, मधुमेहात डोळ्यांवर आणि मूत्रपिंडांवर होणारे परिणाम, थॅलेसेमियात साठलेल्या लोहामुळे हृदय आणि अंतःस्रावी ग्रंथींवर येणारा ताण. ही दुखणी पाहायला त्या त्या विषयाचे प्रौढांचे तज्ज्ञ लागतात. उलट काही उपचार अठराव्या वर्षी संपतच नाहीत. संधिवाताच्या तापाने हृदय बाधित झालेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन लागते आणि झडप किती बिघडली आहे त्यानुसार ते पंचविशीपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे लागते. नेमकी ही मुले शाळा सोडून कामाला लागल्यावर इंजेक्शन बंद करतात, कारण दुखत काही नसते आणि रोज बुडतो. जुन्या डॉक्टरांनी धरून ठेवणे आणि एकदम सोडून देणे यांच्या मधली वाट म्हणजे काही काळ दोघांनी मिळून पाहणे. एकत्रित ओपीडी महिन्यातून एकदा घेतली तरी ते साधते.

कायद्याच्या बाजूने तर अठरावा वाढदिवस अनेक घरांत वादळासारखा येतो. त्या दिवसापासून आईवडील कायद्याने पालक राहत नाहीत, मुलाची बौद्धिक क्षमता काहीही असो. बँकेत अज्ञानाचे खाते सज्ञानाचे करायला त्याची स्वतःची सही मागतात, शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर कोणाची सही चालेल याची चर्चा सुरू होते, अपंगत्वाच्या दाखल्याचे पुन्हा मूल्यांकन निघते, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये नव्याने करावा लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानीय स्तर समिती पालक नेमते. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने याच्या पुढे जाऊन मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली, म्हणजे व्यक्तीच्या वतीने सगळेच ठरवण्याऐवजी तिच्यासोबत आणि गरजेपुरते ठरवायचे. कल्पना उत्तम आहे. आता नवी मुंबईचा नकाशा पाहा. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. बेलापूरनंतर लोकलचे पुढचेच स्थानक खारघर, ते पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. बेलापूरच्या आईने पालकत्वासाठी ठाण्याला जायचे, ट्रान्स-हार्बरची लोकल आहे. खारघरच्या आईने मात्र पेण-वडखळमार्गे अलिबाग गाठायचे, ते चाकाच्या खुर्चीतल्या किंवा गर्दीने बिथरणाऱ्या मुलाला घेऊन. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र खुद्द खारघरमध्ये असताना ही पायपीट व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. समितीची बैठक वर्षातून दोनदा पनवेलला घ्यायला कोणताही कायदा बदलावा लागणार नाही. शिक्षण आणि नोकरीच्या नियमांतही अशीच खाच आहे. 2016 च्या कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना अपंगत्वात धरले, उच्च शिक्षणातल्या 5 टक्के आरक्षणाचा लाभ या तरुणांना मिळू शकतो, पण सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्क्यांच्या यादीत हे रक्तविकार नाहीत. पदवी घेईपर्यंत सोबत करून नोकरीच्या दारात सोडून देणे हे मला पटत नाही.

‘हे सगळे आपल्या गर्दीत जमणार नाही’ हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. ओपीडीत एका रुग्णाला तीन-चार मिनिटे मिळतात हे मला माहीत आहे आणि डॉक्टरांनी आणखी फार काही करावे असे मी सुचवत नाही. पण जमणार नाही हे मात्र मला मान्य नाही, कारण जमलेले इथेच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1991 साली बालपणीच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी उपचारोत्तर क्लिनिक सुरू केले. कर्करोग गेला म्हणजे काम संपले असे न मानता त्यांचे हृदय, संप्रेरके, प्रजननक्षमता, शिक्षण, लग्न आणि मनःस्थिती यांचा पाठपुरावा पुढची अनेक वर्षे करायचा, हा त्यामागचा विचार. बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिला, त्यातले तरुण आज नव्या कुटुंबांना धीर देतात. देशातल्या सर्वाधिक गर्दीच्या रुग्णालयांपैकी एकाने हे तीन दशके चालवले आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 2023 मध्ये सुरू झाली तेव्हा तपासणीसाठी वयाची मर्यादा 40 वर्षांपर्यंत ठेवण्यात आली, म्हणजे सरकारी योजना अठरालाच थांबली पाहिजे असा काही दैवी नियम नाही. वाशीत महापालिकेचे अपंगांसाठीचे शिक्षण, प्रशिक्षण आणि सेवासुविधा केंद्र आहे, लोक त्याला ईटीसी म्हणतात. एका महापालिकेने थेरपी, शाळा आणि व्यवसाय प्रशिक्षण एका छताखाली आणणे ही साधी गोष्ट नाही. खारघरला जन्मजात हृदयदोषाच्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तिथून टाके काढून घरी गेलेली मुले-मुली वयात येत जातील आणि त्यांना मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची गरज पडेल, हे आजच दिसते आहे.

सुटे भाग हजर आहेत, त्यांना जोडणारे काम कोणाच्या पगारपत्रकात लिहिलेले नाही, एवढाच काय तो पेच. ते मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकाला द्यावे असे माझे मत आहे. वाशी, नेरुळ आणि ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांत बालरोग विभागाने दीर्घ आजाराच्या, 13 पूर्ण झालेल्या मुलांची यादी समुपदेशकाकडे द्यायची. त्यांनी सहा महिन्यांतून एकदा मुलाला, आईला आणि मग मुलाला एकट्याला भेटायचे. सोळाव्या वर्षी डॉक्टरांनी मराठीत किंवा हिंदीत, मुलाला वाचता येईल असा एक पानी सारांश लिहायचा: आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधे, न चालणारी औषधे, रक्तगट, आणीबाणीत काय करावे. त्याचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये राहील. ज्यांना पालकत्वाचा अर्ज करावा लागणार आहे त्यांची कागदपत्रे सतराव्या वर्षापासून जमवायची. आणि रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवायचे, प्रौढ विभागात पहिली भेट कधी झाली आणि सहा महिन्यांनंतरची झाली का. रकाना कोरा राहिला तर घरी फोन करायचा तो बालरोग विभागाने.